नवा कार्बोरेटर, लोखंडी पेट्रोल पाइप: जोडणीचा बरोबर क्रम

जुन्या पेट्रोल जीप, पद्मिनी, अॅम्बेसेडर ठाणे-नवी मुंबईत अजून बऱ्याच जणांनी जपून ठेवल्या आहेत. या गाड्यांचा कार्बोरेटर बदलला की पुढची तक्रार जवळजवळ ठरलेली असते: गाडी चालते छान, पण नटापाशी पेट्रोल पाझरतं. मग नट आणखी आवळला जातो. पाझर वाढतो. टेफ्लॉन टेप येते, एम-सील येतं, आणि शेवटी नव्याकोऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाचे आटे जातात.

बहुतेक वेळा कार्बोरेटर चांगला असतो आणि पाइपही ठीक असतो, फक्त काम उलट्या क्रमाने झालेलं असतं. आधी कार्बोरेटर मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीवर) कच्चून बसवला, मग पाइप ओढूनताणून त्याच्या तोंडाशी आणला आणि उरलेला फरक नटाने भरून काढला. पाइपाचं टोक बैठकीवर दाबून धरणं एवढंच नटाचं काम असतं. पाइप तिथपर्यंत कुठलाही जोर न लावता, आपला आपण पोचला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

हे सगळं पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या लोखंडी पाइपाबद्दल आहे. इंजिनावरच्या यांत्रिक पंपाचा दाब दर चौरस इंचाला साधारण ३ ते ५ पौंड असतो. इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत तो कितीतरी जास्त असतो, त्यामुळे यातली जोडणी तिथे वापरू नका. उलट, इंजेक्शनचा पंपही कार्बोरेटरला जोडू नका. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येण्याची वाट बंद करणारी सुई तेवढा दाब धरून ठेवू शकत नाही आणि पेट्रोल वरून वाहू लागतं.

१. जागा आणि तयारी

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये काय होत असेल याचा विचार करा. पाण्याच्या पंपाच्या मोटरची किंवा मीटरच्या खोलीतली एक ठिणगी पुरते. उघड्यावर, सावलीत, वारं खेळतं अशी जागा निवडा. पावसाळ्यात छपराखाली काम करा, पण तीन बाजू मोकळ्या हव्यात.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि ती परत टेकणार नाही अशी बाजूला बांधा. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवलेला वेळेला उपयोगी पडत नाही. उजेडासाठी एलईडी टॉर्च घ्या, तारेचा बल्ब नको. सांडलेलं पेट्रोल घ्यायला झाकणाचा धातूचा डबा ठेवा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून ठेवण्याची सवय घरोघरी आहे आणि ती घातक आहे, घरात लहान मूल असेल तर आणखीच.

सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर सिलिंडरची झडप बंद करा. अशा गाडीत पेट्रोलच्या मार्गात एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारी) झडपही असते. तिच्यावर बाण असतो. तो कुठे बघतोय याचा फोटो आत्ताच काढून ठेवा. गॅसच्या बाजूच्या कुठल्याही जोडाला हात लावू नका, ते काम अधिकृत किटवाल्याचं आहे.

हत्यारं: फिक्स पाने दोन, फ्लेअर नटाचा पाना (रिंग पान्यासारखा, पण एका बाजूला फट असलेला), वर्नियर, आट्यांचा गेज, पाइप कटर, पाइप वाकवायचं बेंडर, फ्लेअरचं (पाइपाचं टोक भोंग्यासारखं पसरवायचं) हत्यार, बारीक कानस.

तपासा: टाकीत पेट्रोल किती आहे? टाकी भरलेली आणि पंपापेक्षा उंच असेल तर पाइप सोडल्यावर पेट्रोल आपोआप वाहत राहतं. टोक बंद करायला रबरी टोपी आधीच शोधून ठेवा.

२. मापं घ्या, नवा कार्बोरेटर टेबलावर असतानाच

सगळ्यात जास्त घाई इथे होते, म्हणून इथे जरा थांबू या.

"तोच कार्बोरेटर आहे" असं दुकानदार म्हणाला तरी पाइप लागतो ते तोंड जुन्याशी जुळवून पाहा. चार गोष्टी बघायच्या.

पहिली, पाइपाचा बाहेरचा व्यास. ८ मिमी आणि ५/१६ इंच (७.९४ मिमी) यांत फरक इतका थोडा आहे की डोळ्याला कळत नाही. ६ मिमी आणि १/४ इंच (६.३५ मिमी) यांत मात्र फरक पडतो, ६ मिमीच्या पाइपावर पाव इंची ऑलिव्ह (पाइपावर दबून सील करणारी पितळी कडी) सैल बसतं.

दुसरी, आटे. ५/१६ इंची पाइपाच्या इंची फ्लेअर नटाला सहसा अर्धा इंच, इंचाला २० आटे असतात. म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२७ मिमी. आता १२ मिमीचा, १.२५ अंतराचा मिलिमीटरी नट त्या तोंडात घालून पाहा. तो आत जातो! अंतर जवळपास सारखं असल्यामुळे अडत नाही, फक्त थोडा डुलतो. पाना लावला की वरवरची टोकं धरतात आणि आवळता आवळता सोलून निघतात. कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, लोखंडी नटापुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून नट फिरतोय म्हणजे जुळला असं समजू नका. गेज लावा आणि वर्नियरने व्यास मोजा.

तिसरी, बैठक. तोंडात टॉर्च मारून आत बघा. मध्यभागी वर आलेला शंकू दिसला तर ती उलट्या फ्लेअरची बैठक, तिथे ४५ अंशांचं, पत्रा दुमडून केलेलं दुहेरी फ्लेअर लागतं. आत खोलगट कड असेल तर ऑलिव्ह किंवा गोल फुगवटा असलेलं टोक लागेल. तोंड सपाट घासलेलं असेल तर बँजो बोल्ट (पाइपाच्या टोकाच्या गोल कडीतून जाणारा पोकळ बोल्ट) आणि दोन वॉशर. ३७ अंशांचे हायड्रॉलिकचे फिटिंगही बाजारात सर्रास मिळतात, आटेही काही मापांत जुळतात, पण ४५ अंशांच्या फ्लेअरशी ते कधीच नीट बसत नाहीत.

चौथी, तोंडाची जागा. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवा. तळाच्या पृष्ठभागापासून तोंडाच्या मध्यापर्यंतची उंची दोन्हींची मोजा. ४-५ मिमीचा फरक असला तरी जुना पाइप जसाच्या तसा बसणार नाही. जुन्यावर परतीच्या पाइपाची नळी असेल तर ती नव्यावरही आहे का बघा. नसेल तर परतीची लाइन नुसती बुजवून टाकू नका; ती पेट्रोल फिरतं ठेवते आणि गरम वाहतुकीत वाफ अडकू देत नाही. परतीचं तोंड असलेला फिल्टर मिळतो, तो वापरा.

माप जुळत नसेल तर जुना नट, पाइपाचा तुकडा आणि कार्बोरेटरचं तोंड असलेला वरचा भाग घेऊन वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याकडे जा, किंवा मुंबईत नागदेवीला. पितळी अडॅप्टर मिळतो किंवा करून मिळतो. फोनवर माप सांगून मागवू नका.

३. जुना पाइप काढणं

आदल्या रात्री दोन्ही नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खाडीच्या हवेत हे नट पाइपालाच चिकटलेले असतात.

सोडताना दोन पाने लागतातच. एकाने अडॅप्टर घट्ट धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावला तर अडॅप्टर फिरतो आणि पंपाच्या तोंडाचे आटे जातात. नटाबरोबर पाइपही पिळवटतोय असं दिसलं की लगेच थांबा. त्या पाइपाची आशा सोडा, नटाच्या मागे कापा आणि उरलेला तुकडा सॉकेटने काढा.

कार्बोरेटर उतरवल्यावर मॅनिफोल्डच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधा. नुसतं कोंबू नका, ते आत जातं. कार्बोरेटरखालचा फायबरचा जाड ठोकळा जपून ठेवा. तो उष्णता अडवायला असतो आणि तो बसवायचा राहिला तर कार्बोरेटर तेवढाच खाली बसतो. पाइप जुळत नाही म्हणून डोकं खाजवणाऱ्या निम्म्या लोकांचा ठोकळा बाकावर पडलेला सापडतो.

सावधान: जुना पाइप परत वापरायचा विचार असेल तर आधी त्यातून हवा फुंका आणि टोक पांढऱ्या कागदावर आपटा. तांबूस पूड पडली तर आत गंज आहे. आता पेट्रोल पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी लोखंडी पाइप आतून खातं. शिवाय एका बैठकीवर दबलेलं जुनं फ्लेअर नव्या बैठकीवर क्वचितच नीट बसतं. माझं मत स्पष्ट आहे: कार्बोरेटर नवा घेतलात, तर पाइपही नवा करा.

४. नवा पाइप करणं

ब्रेक पाइप बनवणाऱ्याकडे मिळतो तो लोखंडी बंडी ट्यूब घ्या. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी घेऊ नका. ती हाताने वाकते, दिसते सुंदर, पण इंजिनाच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअरच्या मानेशी तडकतं. तिथून निघालेली पेट्रोलची धार थेट गरम एक्झॉस्टवर पडू शकते.

आधी साचा करा. कार्बोरेटर, ठोकळा आणि नवे गॅस्केट जागेवर ठेवा, नट हाताने फिरवा. मग ३ मिमीची जाड तार घेऊन पंपाच्या तोंडापासून कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत वाकवत न्या. तार एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर ठेवा. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींच्या डोक्यावरून नेऊ नका, एक थेंब गळला तरी तो तिथेच पडेल. थ्रॉटलचा दांडा पूर्ण उघडून बघा, चोक ओढून बघा, एअर क्लीनर ठेवून बघा. घोडबंदर रोडवर तासभर रांगेत उभं राहणारी गाडी असेल तर पाइप गरम भागाला लागून गेल्यास पेट्रोलची आतच वाफ होते आणि गाडी रांगेतच बंद पडते.

आता पाइपाचं एक टोक तयार करा:

कटर प्रत्येक फेरीला थोडाच आवळा. घाईने आवळलं तर पाइप चपटा होतो. कापल्यावर आतली धार कोरून काढा, बाहेरची कड कानशीने किंचित उतरती करा. नट पाइपात घाला, आणि त्याचे आटे टोकाकडे आहेत ना बघा. मगच फ्लेअर करा. दोन्ही नट वाकवण्याआधीच पाइपात हवेत, कारण एकदा वाक पडला की नट त्यावरून सरकत नाही.

लोखंडी पाइपाला दुहेरी फ्लेअर हवं. एसीवाल्यांच्या हत्याराने होतं ते एकेरी, आणि लोखंडी पाइपाची कड त्यात फाटते. दुहेरीसाठी आधी हत्याराबरोबरच्या बटणाने (छोट्या ठशाने) टोक आत दुमडायचं, मग शंकूने दाबायचं. झालेलं फ्लेअर बोटावर धरून उजेडात हळूहळू फिरवा. चारी बाजूंना रुंदी सारखी हवी. एका बाजूला ओठ जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसला, किंवा कडेला केसाएवढी चीर दिसली, तर ते टोक कापून टाका आणि परत करा. असं फ्लेअर आवळून बंद होत नाही.

मग तारेच्या साच्याशी जुळवत वाक द्या. बेंडर वापरा, गुडघ्यावर वाकवू नका. वाकाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवा. दोन्ही टोकांना ४०-५० मिमी सरळ भाग लागतो, नाहीतर नट मागे सरकवून फ्लेअरच्या साच्यात पाइप धरता येत नाही. दुसरं टोक जरा लांबच ठेवा आणि सगळे वाक झाल्यावर, जागेवर लावून, अगदी शेवटी कापा.

शेवटी पाइपातून पेट्रोल सोडून धुवा आणि हवेने फुंका. कापताना पडलेला एक कण सुईच्या बैठकीत अडकला की कार्बोरेटर वरून वाहतो आणि दोष नव्या कार्बोरेटरला लागतो.

तपासा: पंप इंजिनावर आणि कार्बोरेटरही इंजिनावर असेल तर पूर्ण लोखंडी पाइप चालतो, दोन्ही एकत्र हलतात. पाइपाचं एक टोक चासीवर असेल (इलेक्ट्रिक पंप लावलेल्या गाड्यांत असं असतं) तर मध्ये लवचिक तुकडा हवाच. इंजिन रबरी माउंटवर हलतं, चासी हलत नाही. त्या तुकड्यासाठी जे३० आर९ छापलेला पेट्रोलचा होज आणि पूर्ण गोल दाबणाऱ्या क्लिपा घ्या. होजखाली पाइपाच्या टोकाला बारीक फुगवटा हवा, गुळगुळीत पाइपावरून होज सुटतो.

५. अडॅप्टर, कार्बोरेटर हातात असतानाच

पितळी अडॅप्टर गाडीवर आवळू नका. कार्बोरेटर बाकावर ठेवा, शेगड्यात (व्हाइसमध्ये) चिमटू नका. तोंडाच्या आत बारीक जाळी असेल तर ती काढून धुवा आणि परत बसवा, विसरू नका.

सरळ आट्यांच्या अडॅप्टरला नवा वॉशर लागतो, बाकी काही नाही. निमुळत्या आट्यांना पेट्रोल सोसणारं सीलंट, पहिले दोन आटे कोरे सोडून. टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे धागे सुटतात आणि सुईखाली जाऊन बसतात. फ्लेअरवर तर काहीच लावायचं नसतं, तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं.

६. जोडणी

या भागात क्रम बदलू नका.

(१) कार्बोरेटर, ठोकळा, गॅस्केट स्टडवर ठेवा. नट दोन-तीन फेऱ्याच फिरवा. कार्बोरेटर किंचित हलला पाहिजे.

(२) पाइप जागेवर धरा. हात सोडून बघा: फ्लेअर दोन्ही तोंडांत सरळ आणि मधोमध बसतंय का? एका बाजूला कलत असेल तर पाइप उतरवा आणि वाक सुधारा. नट लावून बघू, असं म्हणू नका.

(३) आता कार्बोरेटरकडचा नट, फक्त बोटांनी. पाइप दुसऱ्या हाताने तोंडाच्या सरळ रेषेत धरा. नट आधी उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेने, हळूहळू फिरवा. अर्ध्या-पाऊण फेरीत बोटांना एक बारीकसा "टक्" जाणवतो, नट किंचित खाली बसल्यासारखा. तिथे आट्याचं तोंड आहे. तिथून सरळ दिशेने फिरवा. तीन फेऱ्या बोटांनी मोकळ्या गेल्या पाहिजेत. दुसऱ्याच फेरीला जड लागला तर आटा तिरका धरलाय, काढा आणि पहिल्यापासून करा. इथे पाना उचललात तर कार्बोरेटर गेला म्हणून समजा.

(४) पंपाकडचा नट तसाच, बोटांनी.

(५) दोन्ही नट हातांनी पूर्ण बसल्यावर कार्बोरेटरचे स्टड नट आवळा. समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत. अति आवळलं तर तळ वाकतो आणि तिथून हवा ओढली जाते.

(६) आता पाइपाचे नट. दोन पाने, एक अडॅप्टरवर, एक नटावर. बोटांनी घट्ट झाल्यानंतर साधारण पाव फेरी. मग एकदा सोडून परत तेवढंच आवळा, त्याने फ्लेअर बैठकीवर नीट रुळतं. बँजो असेल तर त्याच्या कडीच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा तांब्याचा वॉशर. जुने दबलेले वॉशर परत वापरण्याइतकी बचत त्यात नाही.

(७) पाइप लांब असेल तर मध्ये रबर लावलेली क्लिप, आणि ती सगळ्यात शेवटी. क्लिप पाइपाला धरते, जागेवर ओढत नाही.

७. चाचणी

मॅनिफोल्डच्या तोंडावरचं फडकं काढलंय ना? हा प्रश्न पायरी ६ च्या आधी एकदा आणि आत्ता एकदा स्वतःला विचारा.

सांडलेलं पेट्रोल पुसून फडकी दूर नेऊन टाका, वास जाऊ द्या. कोरड्या कापडाने दोन्ही जोड पुसा. पंपाला हाताने दाबायचा दांडा असेल तर त्याने पेट्रोल वर आणा, स्टार्टर लागतच नाही. दांडा नसेल तर बॅटरी जोडा, कॉइलची तार काढून ठिणगी बंद करा आणि थोडं थोडं थांबून स्टार्टर मारा.

प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा तुकडा फिरवा. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. कागद कोरडा असेल तरच कॉइल जोडा आणि गाडी सुरू करा.

दहा मिनिटं आयडलवर चालवा आणि परत कागद फिरवा. थ्रॉटल हळूहळू उघडून पाइप थरथरतोय का बघा. मग गाडी बंद करून दहा मिनिटं थांबा आणि तिसऱ्यांदा कागद. ही तिसरी तपासणी लोक सोडून देतात. बंद केल्यावर इंजिनाची उष्णता वर चढते, पाइपात दाब वाढतो, आणि चालू असताना कोरडा राहिलेला जोड नेमका तेव्हाच घामेजतो.

शंभरेक किलोमीटरनंतर गार इंजिनावर एकदा पाना लावून बघा.

८. तरीही पाझरत असेल तर

आधी कुठून ते शोधा. पेट्रोल पाइपावरून खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात ओला दिसणारा नट बहुधा निर्दोष असतो. वरून खाली पुसत या आणि ओल पहिल्यांदा कुठे उमटते ते बघा.

नटाच्या मागून, पाइपाच्या अंगावरून येत असेल तर फ्लेअर बसलेलं नाही. एक अष्टमांश फेरी आवळा. थांबलं नाही तर सोडा आणि फ्लेअर बघा. बैठकीचा ठसा त्यावर पूर्ण गोल उमटलेला असतो. ठसा एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर पाइप तिरका आला आहे. पायरी ४ ला परत जा, वाक सुधारा.

अडॅप्टर आणि कार्बोरेटर यांच्या मधून येत असेल तर वॉशर बदला किंवा सीलंट नव्याने लावा, कार्बोरेटर परत बाकावर घेऊन.

जोड सगळे कोरडे आणि कार्बोरेटरच्या वरच्या भागातून किंवा हवेच्या नळीतून पेट्रोल येत असेल तर पाइपाचा संबंध नाही. सुईच्या बैठकीत कचरा आहे, फ्लोटची (सुई उघड-बंद करणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चुकली आहे किंवा पंपाचा दाब जास्त आहे. आधी झाकण काढून कचरा बघा. फ्लोटची पातळी त्या कार्बोरेटरच्या मापानेच लावा, जुन्याचं माप नव्याला चालत नाही.

आटे आधीच गेलेले असतील तर नटावर काहीही थापून गाडी चालवू नका. लेथवाल्याकडून तोंडात नवी आट्यांची बुश बसवून घ्या किंवा वरचं झाकण बदला. तोपर्यंत गाडी उभी ठेवा आणि बॅटरीची तार सोडूनच ठेवा.